गिरजाबाईंच्या दारातले बुधवार

अक्का,

परवा तुझ्या गटातल्या बायका तुझ्या दारावर बसायला आल्या. तुला जाऊन सहा दिवस झाले होते. ओट्यासमोर सतरंजी अंथरली होती, तुझ्या वैशालीने पाण्याचा तांब्या आणि पेले मांडून ठेवले होते, आणि मी, धुळ्याहून आलेला तुझा धाकटा भाऊ, बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. बायका आल्या, बसल्या, डोळ्यांना पदर लावले. मला मात्र काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. थोड्या वेळाने कळलं. त्या पाच-पाचच्या ओळी करून बसल्या होत्या. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या बैठकीत बसतात, तशा. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या ओळीत चौघीच होत्या आणि उजव्या कडेची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. ती तुझी जागा. रडत होत्या हे खरं, मी खोटं बोलणार नाही. पण ओळ मोडून एकही बाई दुसरीच्या गळ्यात पडली नाही.

त्या कंपनीने बारा वर्षांत तुमच्या गावाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी हे सांगेन. बायकांना ओळीत रडायला शिकवलं.

आणि बुधवार, हप्त्याचा वार होता, म्हणून साहेब आला. तुझ्या त्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. नाव फार शुभ आहे, उच्चारलं की उदबत्तीचा वास येतो. मोटरसायकल लावून तो आत आला आणि सगळ्या जणी उभ्या राहिल्या. दुखवट्याला बसलेल्या बायका, अक्का, हप्तेवाल्यासाठी उठून उभ्या राहिल्या! त्याने हातानेच बसा म्हटलं. मग चेहरा पाडून वैशालीला म्हणाला, "ताईंचं फार वाईट झालं. ताईंचं रेकॉर्ड एकदम क्लीन होतं." बाईचं आयुष्य संपलं आणि त्याच्यापाशी शब्द काय, तर क्लीन रेकॉर्ड. पुढच्याच वाक्यात मृत्यूचा दाखला आणि आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. कर्जाला विमा आहे म्हणाला, बाकी सगळं माफ होईल. हे असं म्हणाला, की मला वाटलं आता आम्ही त्याचे आभार मानावेत अशी अपेक्षा आहे.

तेवढ्यावर थांबला असता तर मी सहन केलं असतं. पण तो सतरंजीवरच्या बायकांकडे वळला. "सगळ्या आहातच, तर इथंच घेऊन टाकू का?" आणि बायकांनी कमरेचे बटवे सोडले. तुझ्या ओट्यासमोर, तुझ्या फोटोपुढे, ज्यावर हार अजून सुकला नव्हता. मी ताडकन उठलो. काय काय बोललो आठवत नाही, आवाज मात्र खूप चढला होता. तर दुसऱ्या ओळीतली ती थोराड बाई, तुझी लाडकी कोकिळाबाई, मलाच म्हणाली, "भाऊ, घडीभर बठा. हाई व्हई जाऊ द्या. नही ते आखो सांजले येनं पडी." म्हणजे दुःख एका फेरीत, हप्ताही त्याच फेरीत. मी बसलो. साहेबाने सही केलेली कार्डं परत दिली आणि जाताना विचारलं, तुझ्या जागी गटाची नवीन केंद्रप्रमुख कोण होणार. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तुझ्या मोकळ्या जागेकडे कुणी पाहिलं नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, भाऊ, तुले लगेच राग येस. येतो. तुझ्यावरही येतो, आणि तू गेलीस म्हणून तो कमी झालेला नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, अक्का. माझ्या बाजूने मी ते आज पुरं करणार आहे. तू कंपनीत कशी शिरलीस, ते मात्र मी शेवटी सांगेन, कारण त्या ठिकाणी माझी बाजू लंगडी पडते.

आधी म्हशींचं. दाजी गेल्यावर तीन वर्षांनी तू पहिलं कर्ज घेतलंस, ते वैशालीच्या नर्सिंगच्या फीसाठी. पण फॉर्ममध्ये मुलीच्या शिक्षणाला रकाना नव्हता. म्हैस, शेळी, शिलाई मशीन, किराणा, एवढेच धंदे त्यांना ठाऊक. साहेबाने स्वतःच म्हैस लिहिली. कोकिळाबाईने नवऱ्याच्या मुतखड्याच्या ऑपरेशनला घेतलं, तिथेही म्हैस. कुणी पत्रे बदलले, कुणी मुलीचं बाळंतपण केलं, सगळ्या म्हशी. कागदावर तुमच्या गावात एवढी जनावरं झाली, की खरी असती तर चारा घालायला चोपडा तालुका पुरला नसता. आणि मग एक दिवस वरून कुणी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून शेजारच्या भिला पाटलांची म्हैस तुझ्या दारात आणून बांधली. तुला हिरवी साडी नेसवली. तू म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी, म्हैस तुझ्याकडे संशयाने पाहते आहे, असा तो फोटो पुढच्या वर्षी त्यांच्या कॅलेंडरवर आला. खाली लिहिलं होतं, स्वप्नांना मिळाले बळ. मी ते कॅलेंडर बघून किती चिडलो होतो! आणि तू हसून हसून खोकत होतीस. म्हणालीस, "म्हैस बरी उनी ना फोटोमा?"

तुझं हे हसणं मला कधी समजलं नाही. एखादी बाई लुबाडली जाते तेव्हा तिने रडावं, अशी माझी साधी समजूत. तू मला ते समाधान दिलं नाहीस.

ती सर्व्हेवाली मुलगी आठवते? टॅबलेट घेऊन आली होती, पुण्याकडची असावी, उन्हाने लालबुंद झालेली. मी त्या दिवशी तुझ्याकडेच होतो. तिने विचारलं, गेल्या आठवड्यात घरात किती वेळा डाळ शिजली. घरात पंखे किती. निर्णय कोण घेतं. मग शेवटचा प्रश्न, कर्जामुळे तुमच्या कुटुंबाचं जीवनमान सुधारलं का, उत्तरं तीन, खूप, थोडं, अजिबात नाही. तू तिला लिंबूपाणी दिलंस आणि म्हणालीस, "खूप लिख, पोरी. तुले बी घर जानं शे." झालं. तुमच्या घरादाराचं कल्याण तिथे ठरलं. नंतर जळगावला एका सभागृहात मी अशीच माणसं बोलताना ऐकली. बँकेतून रिटायर झालेल्यांना अशा ठिकाणी बोलावतात, जेवण चांगलं असतं. एक गृहस्थ पडद्यावर चढती रेघ दाखवून सांगत होते, की ग्रामीण महिला हप्ता चुकवत नाहीत, यावरूनच त्यांचं कल्याण होतं आहे हे सिद्ध होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उठून विचारायचं होतं, साहेब, ज्या बाईच्या दारात दहा-बारा बाया येऊन बसतात ती हप्ता कसा चुकवेल? विचारलं नाही. गुलाबजाम खाऊन परत आलो.

मी हे मोठ्या ऐटीत लिहितो आहे, कारण ते दारात बसणं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी.

आखाजीला सासरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि आपल्या घरी तुझी वाट बघणं हे आईच्या वेळेपासून चालत आलेलं. मागची चार-पाच वर्षं तू आली नव्हतीस. केंद्रप्रमुख झाल्यापासून तुला बुधवार सुटत नव्हता. त्या वर्षी तर आखाजीच बुधवारी आली. मी म्हटलं, बहीण येत नाही तर भावाने जावं, आंब्याची पेटी घेऊन तुझ्याकडे आलो, तर तुझ्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, अक्का गिरजाबाईंकडे आहे.

गिरजाबाईंचं घर मारुतीच्या देवळामागे. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, सून सुनंदा तुझ्या गटात. सुनंदा आखाजीला माहेरी गेली होती, साक्रीकडे. हप्त्याचे पैसे तिच्याजवळ नव्हते. आखाजीला भाऊ ओवाळणी देईल, त्यातून ती भरणार होती, दोन दिवसांनी परत येऊन. दोन दिवस, अक्का. पण हप्ता बुधवारचा होता, आणि एकीचा अडकला की बाकीच्यांची नवी कर्जं अडकतात. त्या आठवड्यात तिघींची मंजूर व्हायची होती. म्हणून साहेबाने नियम सांगितला. नियम तो कधी तोंडाने सांगत नसे, नुसतं म्हणायचा, "तुम्ही बघा काय करायचं ते, मी काही बोलणार नाही." दर बैठकीत तुम्ही हात पुढे करून शपथ घ्यायचात, एकमेकींच्या अडचणीत मदत करू म्हणून. त्या मदतीचा अर्थ हा होता. गिरजाबाईंच्या ओट्यावर, पायरीवर, अंगणात तुम्ही अकरा जणी बसला होतात. पैसे मिळेपर्यंत उठायचं नाही. साहेब लांब निंबाखाली फोनमध्ये बघत उभा. त्याने कुणाच्या दाराला हात लावला नाही. असल्या माणसांचे हात फार स्वच्छ असतात.

आत गिरजाबाई खापरावर मांडे करत होत्या. पुरणाचा, रुमालासारखा पातळ मांडा हातावर झेलत त्या बाहेर डोकावल्या, एवढ्या बाया दारात पाहिल्या, आणि त्यांना काय झालं देव जाणे. न समजण्याइतकी भोळी ती बाई नाही. पण म्हणाल्या, "आखाजीना दिन शे. दारशी उनेल बाया उपाशी कश्या जातीन? बठा, बठ्ठ्या जनी जेवा." आणि वाढायला लागल्या. मांडे घरच्यांपुरते केलेले, म्हणून एकेक मांडा चौघींत. वाटीभर आमरस फिरवून फिरवून. मलाही पाट मांडला. मी म्हटलं, नको. मी जेवलो नाही. ही गोष्ट वर्षभर मी स्वतःला फार कौतुकाने सांगत आलो आहे.

तू जेवलीस. मी बघत होतो. तुकडा मोडलास, रसात बुडवलास, चावलास, गिळलास. मग हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "गिरजाबाई, हप्ता?"

त्या आत गेल्या. त्यांच्या बापाने आंदणात दिलेला पितळी हंडा होता, पिण्याच्या पाण्याचा. तो त्यांनी तुळशीपाशी ओतला. सगळं पाणी जाईपर्यंत उभ्या राहिल्या. मग ओलाच आणून तुझ्यासमोर ठेवला. "हाऊ लई जा." कोकिळाबाईने रिक्षा बोलावली. हंडा चोपड्याला भांडेवाल्याकडे गेला, पैसे आले, साहेब निंबाखालून आला, कार्डावर सही झाली.

आपण तुझ्या घरापर्यंत चालत आलो. तू कुलूप काढत होतीस तेव्हा मी म्हटलं, "तो मांडा तुझ्या गळ्याखाली उतरला कसा, अक्का?" तू किल्ली फिरवत राहिलीस. मी पुन्हा विचारलं. आणखीही बोललो. कंपनीची वसुलीवाली झालीस म्हणालो. बापाचं नाव काढलं. तू शांतपणे म्हणालीस, "भाऊ, तुन्ही एसटीनी येळ व्हयनी." मी पेटी तशीच ओट्यावर ठेवून निघालो.

त्यानंतर फोन होत राहिले. "बरी शे ना?" "बरी शे. तू?" दिवाळीला मी भाऊबीजेला आलो नाही, पाय दुखतो म्हणून कळवलं. पाय दुखत नव्हता. महिन्यापूर्वी तूच म्हणालीस, आखाजीला ये, सांगेन तुला. काय सांगणार होतीस? मी म्हटलं, बघू. तुझ्याशी मी बोललेला शेवटचा शब्द "बघू" आहे, आणि त्याची मला मनापासून लाज वाटते.

काल वैशाली आणि मी तुझं घर आवरत होतो. वैशालीचं मला कौतुक आहे. धुळ्याच्या दवाखान्यात रात्रपाळ्या करते, पगारातून पेन्शनवाल्या मामालासुद्धा सणाला शर्ट घेते. तुझ्या त्या पहिल्या म्हशीचं हे दूध, हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर माझं भांडण किती सोपं झालं असतं! तर माळ्यावर, गोधड्यांच्या मागे एक हंडा सापडला. स्टीलचा, कोरा करकरीत, दुकानाचं लेबलही तसंच चिकटलेलं. एवढ्या मोठ्या नव्या भांड्यात तू एक थेंब पाणी भरलं नव्हतंस. मी विचारलं, हा कशाला आणला. वैशाली म्हणाली, "तो गिरजाबाईंचा आहे, मामा. पितळी हंडा सोडवायला आई दुसऱ्याच दिवशी चोपड्याला गेली होती. भांडेवाल्याने तोवर मोडीत पुढे पाठवला होता. मग हा घेतला. त्या घेत नाहीत."

मी हंडा काखेला मारला आणि देवळामागे निघालो. साठीच्या पुढचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस काखेत हंडा घेऊन चालला आहे, हे बघायला गल्लीतली सगळी दारं उघडली. बघू दे म्हटलं.

गिरजाबाईंचं दार लोटलेलं होतं. परवा त्या तुझ्या दारावर आल्या नव्हत्या. सून आली होती, शेवटच्या ओळीत बसून गेली. मला हाक मारायचं सुचेना. मी पायरीवर बसलो, हंडा शेजारी ठेवला. ऊन चढलं होतं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आते तुम्हनी पाळी का?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, कसली पाळी? तर त्या उंबऱ्यावरच टेकल्या आणि सांगू लागल्या. "वरीसभर दर बुधवारले येये ती. बैठक व्हयनी का आठेच येये, याच पायरीवर बठे. हाऊ हंडा लई येये, लई जाये. मी तिले घरमा ये म्हनं नही. जाय बी म्हनं नही."

वर्षभर, अक्का! पन्नासेक बुधवार. बैठकीत शपथ घ्यायचीस, हप्ते गोळा करून द्यायचीस, आणि मग उठून त्याच बाईच्या दारात एकटी जाऊन बसायचीस. तुला उठवायला कुणी येणार नव्हतं, तुला काही मागायचंही नव्हतं. कंपनीने तुला एकच शिक्षा शिकवली होती आणि तू ती स्वतःला देत होतीस. चार लोक बघत असतील, कोकिळाबाई नाक मुरडत असेल. मला मात्र तू फोनवर एवढंच सांगायचीस, बरी शे.

"या आखाजीले बलावनार व्हतू मी तिले," गिरजाबाई म्हणाल्या. "मांडा करनार व्हतू. आखाजी उनी नही, ती चालनी गई." मग त्यांनी नाक शिंकरलं, हंडा उचलला, बोटाने वाजवून पाहिला, आणि आत नेला. नको म्हणाल्या नाहीत. मी उठायला लागलो तर आतून आवाज आला, "बठा. जेवी ल्या."

आता ते सांगायची वेळ आली आहे, जे मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

वैशालीच्या फीसाठी तू आधी कंपनीकडे गेली नव्हतीस. आधी तू बँकेत आली होतीस. मी तेव्हा चोपड्याच्या शाखेत होतो, तुझा अर्ज माझ्याच टेबलावर आला. जमीन थोरल्या दिराच्या नावावर, सातबाऱ्यावर तुझं नाव नाही, जामीनदार नाही. मी स्वतः जामीन राहू शकलो असतो. बायको नाही म्हणाली, आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं, कुणीतरी नाही म्हणायला. तुला बँकेत सांगायचं मला धाडस झालं नाही म्हणून भाऊबीजेला तुझ्याकडे आलो. तू ओवाळलंस. पाट मांडलास, भोवती रांगोळी काढलीस. भावासाठी म्हणून सणाला मांडे केले होतेस. मी दोन खाल्ले, तूप घालून. तिसरा खाताना सांगितलं, अक्का, तुझं काम होत नाही, नियम आहे. वैशाली कोपऱ्यात उभी होती, तिने खाली पाहिलं. आणि तू म्हणालीस, "आखो एक ले ना, भाऊ." मी घेतला. चौथा.

तो माझ्या गळ्याखाली उतरला कसा, हे तू मला कधी विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही, गेल्या आखाजीला मी तुझ्या दारात उभा राहून तुला बोल लावत होतो तेव्हाही नाही. तुझ्या जिभेवर ते आलं असणार. किल्ली फिरवत तू ते गिळलंस आणि मला एसटीची वेळ सांगितलीस. एकदाच, फार पूर्वी, मी कंपनीला शिव्या देत होतो तेव्हा तू म्हणाली होतीस, "कागद मन्हा नावना नही, जमीन मन्ही नही. हाई कंपनी दारशी येस आनि मन्हं नाव इचारस. तू सांगस कंपनी खराब. मंग चांगलं कोन शे ते बी सांगी दे." मी विषय बदलला होता. त्या कंपनीवर मी आजही थुंकेन. पण ती ज्या दारातून आत शिरली, ते उघडं टाकून जाणारा मी होतो, आणि माझ्यासारखे टेबलामागे बसलेले सगळे. साहेबाला निदान निंबाखाली ताटकळत उभं राहावं लागलं. मी पाटावर बसलो होतो.

गिरजाबाईंनी ताट आणलं. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार, कडेला कांदा. त्या समोर बसल्या, पदराने वारा घालत, माझ्याकडे न बघता. गेल्या वर्षी याच ओट्यावर मी नको म्हणालो होतो, आणि तेवढ्यावर एक वर्ष जगलो होतो. मी तुकडा मोडला. ठेच्याला लावला. तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिलो. तो जाणार नाही असं मला वाटलं होतं. न गेला असता तर बरं झालं असतं.

गेला, अक्का. सरळ खाली गेला. मग दुसरा गेला.

ताट संपत आलं तशा गिरजाबाईंनी विचारलं, "आखो एक देऊ?"

मी हो म्हटलं.